पडवीतला कॉम्प्युटर

आषाढातली सकाळ होती. पावसाने पहाटेपासून धरलं होतं आणि मी पडवीत पाटावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते. साडेदहाच्या सुमाराला ती मुलगी आली. छत्री पागोळ्यांच्या आत कुडाला टेकवली, चपला पायरीखाली काढल्या, लादी खराब होऊ नये म्हणून पोत्यावर दोनदा पाय पुसले आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन भिंतीवरचं बटण लावलं. कॉम्प्युटर घुरघुरत सुरू झाला. त्याला वेळ लागतो. तोवर तिने पिशवीतून वही काढली, पदवीच्या मुली काढतात तशी झोकात नाही, जपून, पावसाचा थेंब लागला नाही ना हे बघत. मग पडद्यावर आईचं नाव आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट आली, तेव्हा आत बघून हळूच म्हणाली, “आजी, पासवर्ड.” आई तांदळाची उकड मळत होती. ती तशीच उठून आली, मनगटापर्यंत पांढरे हात घेऊन. उजव्या हाताची करंगळी तेवढी त्यातल्या त्यात स्वच्छ होती, त्या करंगळीने ती एकेक अक्षर शोधू लागली.

आणि मुलीने मान वळवली.

नुसती नजर खाली केली असती तर माझ्या लक्षातही आलं नसतं. तिने खुर्ची थोडी मागे सरकवली, आईला जागा करून दिली आणि मान पूर्ण भिंतीकडे वळवली. त्या भिंतीत एक जुना कोनाडा आहे, त्यात हल्ली इंटरनेटचा राउटर ठेवलेला असतो. त्याच्या हिरव्या दिव्याकडे ती बघत राहिली. आईची करंगळी चालायला वेळ लागतो. एकदा अक्षर चुकलं, परत पहिल्यापासून. तेवढा सगळा वेळ ती मान तशीच होती. एंटरचा आवाज झाला, विंडोजची सुरावट वाजली, तेव्हा ती सरळ झाली. आईने “हां, झालं गो” म्हटलं आणि परत आत गेली. कीबोर्डावर पिठाचा एक ठसा राहिला होता, तो मुलीने ओढणीच्या टोकाने पुसला. यातलं काहीच कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. रोजचं होतं. मी मात्र हातात अर्धी सोललेली आठळी घेऊन बसून राहिले.

मला ते खुपलं, आणि का खुपलं हे त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं. कारण मी ठाण्याला एका बँकेच्या संगणक विभागात काम करते. शाखांमधल्या लोकांना सुरक्षेचे धडे देणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि त्या धड्यांत मी हेच सांगते: शेजारचा माणूस पासवर्ड टाकत असेल तर आपण होऊन नजर दुसरीकडे न्यावी. आमच्या ऑफिसात सगळेच तसं करतात. साहेब शिपायासमोर पासवर्ड टाकतात तेव्हा शिपाई वळतो, आणि शिपायाने हजेरीच्या मशिनवर आकडे टाकले तर साहेबही वळतात. एटीएमच्या रांगेतही आपण एक पाऊल मागे राहून रस्त्याकडे बघतो. ती सभ्यता आहे, आणि मला ती आवडते. मग या पोरीची तीच सभ्यता मला टोचावी कशाला?

ती बारावी झाली आहे आणि टायपिंगची परीक्षा देणार आहे, मराठी ३०. म्हणजे मिनिटाला ३० शब्द. पूर्वी ही परीक्षा टाइपरायटरवर व्हायची. बाबांच्या शाळेसमोरच्या इन्स्टिट्यूटमधून दिवसभर ताशा वाजल्यासारखा आवाज यायचा तो मला आठवतो. आता ती कॉम्प्युटरवर होते आणि राज्य परीक्षा परिषद ती घेते. लिपिकाची जागा निघाली की हे प्रमाणपत्र लागतं. तिची इन्स्टिट्यूट देवरुखला, आठवड्यातून चार दिवस, एक तासाची बॅच. तेवढ्याने बोटं बसत नाहीत. बोटं बसायला रोज बसावं लागतं, संवादिनी शिकणाऱ्याला लागतं तसं. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही. फोन आहे, पण फोनवर अंगठे चालतात, बोटं नाही. म्हणून ती आमच्या पडवीत येते. आईनेच बोलावलं होतं. चार महिने झाले.

कॉम्प्युटर बाबांचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी रत्नागिरीहून आणवला आणि माजघरात न ठेवता पडवीत ठेवला, कारण त्यांना रस्ता दिसत राहायला हवा असायचा. पुढचं बटण अडकायला लागलं तेव्हा दुकानदाराने बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी मुळातल्या सेटिंग्जमध्ये, अशी सोय करून दिली की भिंतीवरचं बटण लावलं की यंत्र आपोआप सुरू व्हावं. पासवर्ड बाबांनी लावला होता. बाबा गेल्यावर पडद्यावर रोज त्यांचं नाव यायचं, ते आईला सोसेना, म्हणून मी खात्याचं नाव बदलून तिचं केलं. पण विंडोजची एक गंमत नाही, एक खंत आहे: खात्याचं नाव बदललं तरी आतल्या फोल्डरचं नाव बदलत नाही. दारावर आईचं नाव, आणि आत ‘यूजर्स’मध्ये गेलं की बाबा तसेच. आईला मी ते सांगितलं नाही.

रात्री जेवताना आईने विषय काढला. म्हणाली, “तो पासवर्ड काढून टाक की. दर वेळी मला उठावं लागतं. कधी हात पिठाचे, कधी मी आंघोळीला. ती बिचारी बसून राहते, हाकसुद्धा मारत नाही.” परवा म्हणे लाईट चारदा गेली आणि चारदा आईला उठावं लागलं. चौथ्या वेळेनंतर मुलगी म्हणाली, राहू दे आजी, उद्या करते. आणि वही पिशवीत घालून निघून गेली. आईने हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात, आपल्याला उठावं लागण्याबद्दल. मी ऐकलं ते वेगळं. एका तासात चारदा मागावं लागणं म्हणजे काय, हे मागणाऱ्यालाच कळतं.

तरीही माझ्या तोंडून पहिल्यांदा कामाचंच वाक्य आलं. “आई, त्याच्यात तुझं पेन्शन आहे.” बँकेचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेला, बाबांची मेल उघडीच, विम्याचे कागद, सगळ्यांचे आधार स्कॅन करून डेस्कटॉपवर. एकदा का विंडोज आत घेतं, की ब्राउझरही समोर बसलेल्याला घरचा माणूस समजतो. आई म्हणाली, “अगं, ती पोर काय माझं पेन्शन घेईल?” मी म्हटलं, “ती नाही गं. पण कोणीही.” हे ‘कोणीही’ आम्ही संगणकवाले फार वापरतो. ते कोणावरही आरोप न करता सगळ्यांवर संशय घेण्याचं साधन आहे, आणि कामापुरतं ते बरोबरही आहे. पण त्या क्षणी पडवीत येणारी कोणीही म्हणजे कोण, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

पासवर्ड ‘काढणं’ म्हणजे तरी काय असतं? विंडोज किल्लीसोबत आर दाबायचं, नेटप्लविझ असं लिहायचं, एक छोटी खिडकी उघडते. तिच्या वरच्या ओळीत बरोबरची खूण असते: हा संगणक वापरण्यासाठी नाव आणि पासवर्ड द्यायलाच हवा. ती खूण काढायची, पासवर्ड दोनदा लिहायचा, झालं. विंडोज १० मध्ये कधीकधी ती ओळच दिसत नाही. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त ‘हॅलो’ने, म्हणजे चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिन वापरून, प्रवेश देण्याचा पर्याय बंद करावा लागतो, मग ती परत येते. पण या सगळ्यात पासवर्ड कुठेच जात नाही. तो असतोच. यंत्र तो आपल्याजवळ ठेवून घेतं आणि दर वेळी आपल्या वतीने स्वतःच भरतं. काही जण ही खिडकी न वापरता थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, लिहितात, तेव्हा तर तो साध्या अक्षरांत, वाचता येईल असा पडून राहतो. खिडकीतून केलं तर झाकून ठेवला जातो, पण जाणत्या हाताला तोही सापडतो. म्हणजे कुलूप तसंच, आणि किल्ली वाशावर. आमच्या गावात परसदाराच्या किल्ल्या अजून वाशावर असतात. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी दार उघडं, आणि माहीत तर सगळ्या गावालाच. तरी किल्ली भिंतीला लटकवत नाहीत, वाशावरच ठेवतात. त्यात बंद करण्यापेक्षा ‘बंद आहे’ असं म्हणण्याला जास्त अर्थ असतो.

मला झोप येईना. पावसात कौलांवर एकच एक आवाज लागून राहतो आणि त्यात जुन्या गोष्टी वर येतात. कामाच्या निमित्ताने वाचलेली एक गोष्ट आठवली. कॉम्प्युटरवर पासवर्ड आला तो चोराच्या भीतीने नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६१ साली फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था चालवून दाखवली, ज्यात एकाच अवाढव्य यंत्रावर अनेक जण एकाच वेळी आपापलं काम करू शकत. यंत्र एक आणि माणसं अनेक, म्हणून प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत आणि प्रत्येकाला वाटून दिलेला वेळ मोजता यावा, यासाठी पासवर्ड. तो वाटून घेण्यातून जन्मला. आणि पुढच्याच वर्षी तो पहिल्यांदा फुटलाही. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ तास मिळत, आणि त्याच्या कामाला ते पुरत नसत. त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून मागवली, आणि यंत्राने ती मुकाट छापून दिली. त्याला कोणाचं काही चोरायचं नव्हतं. त्याला बसायला वेळ हवा होता. मी ही गोष्ट प्रशिक्षणात नेहमी सांगते, लोक हसतात, मीही पुढे जाते. त्या रात्री मात्र मला तो विद्यार्थी दिसेना. देवरुखच्या एक तासाच्या बॅचमधून उठणारी मुलगी दिसत होती, जिने अशी फाइल कधीच छापून घेतली नसती, जी समोर चाललेल्या करंगळीकडेही बघत नव्हती.

मग कोनाडा आठवला.

तो कोनाडा राउटरसाठी नव्हता. १९८२ च्या उन्हाळ्यात मी सात वर्षांची होते आणि मे महिन्यात या घरी आले होते, तेव्हा त्यात एक कप असायचा. कानतुटका, काठाला निळी रेघ असलेला. पावसाआधी कौलं परतायला एक गडी यायचे. आमच्या घरावर चढायचे, आमच्या डोक्यावरचं छप्पर एकेक कौल हाताळून नीट करायचे. दुपारी खाली उतरले की पडवीच्या कडेला यायचे, कोनाड्यातून स्वतःच्या हाताने तो कप काढायचे आणि पुढे धरायचे. आजी वरून चहाची धार सोडायची, भांडं कपाला लागू न देता. आणि ते त्या वेळी मान वळवायचे. मला तेव्हा वाटायचं वाफ लागू नये म्हणून. चहा पिऊन झाला की पन्हळीखाली कप धुऊन तो उपडा घालून ठेवायचे, आणि पुन्हा शिडी चढायचे. श्वाससुद्धा आपल्या अंगावर येऊ नये म्हणून तो माणूस मान वळवत होता, हे मला कळायला फार वर्षं गेली. महाडचं चवदार तळं आमच्याच कोकणातलं. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी ओंजळीत पाणी घेतलं ते २० मार्च १९२७ ला. मी तो कप पाहिला त्याच्या ५५ वर्षांनंतर.

एकदा भातुकली खेळताना मी तो कप घेतला. निळी रेघ मला आवडायची. आजीने बघितलं आणि ती ओरडली नाही, नुसती म्हणाली, “हिला न्हायला घाल.” आईने मला विहिरीवर नेऊन डोक्यावरून पाणी घातलं. भर दुपारी, काही न बोलता, तीन तांबे. मला ते पाणी अजून आठवतं, कारण मे महिना असूनही ते गार होतं, आणि कारण आईने माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या शेजारच्या अंथरुणावर आईही जागीच होती. अंधारात मी विचारलं, “आई, कोनाड्यातला कप आठवतो?” ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, “तेरावं झालं तुझ्या आजीचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो नेऊन फोडला. विहिरीमागे.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्याआधी नाही झालं माझ्याच्याने.” यावर मी काय बोलणार होते! आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. म्हणजे मला न्हायला घातल्यावर आणखी दहा-बारा पावसाळे तो कप तिथेच होता, आणि दर मे महिन्यात वरून धार सोडली जात होती. त्यातली काही वर्षं तर ती आईच सोडत असणार. आजीचे गुडघे दुखत असत.

सकाळी मी लॅपटॉपसमोर बसते तशी नीट विचार करायला बसले. संगणकाच्या दृष्टीने उत्तर अगदी सोपं होतं. मुलीसाठी वेगळं खातं करायचं, मर्यादित अधिकारांचं. तिला तिचं टायपिंग करता येईल, आईची कागदपत्रं दिसणार नाहीत, काही नवं बसवायचं झालं तर आईचा पासवर्ड लागेल. आणि यंत्र सुरू झालं की आपोआप त्याच खात्यात उघडेल. आपोआप उघडायचंच असेल तर ते कमीत कमी अधिकाराच्या खात्यात उघडावं, हा आमचा नियमच आहे. जुन्या विंडोजमध्ये तर अशा येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ‘गेस्ट’ नावाचं तयार खातंच असायचं. मी मनात ते सगळं मांडलं, आणि मांडता मांडता मला दिसलं की मी पडवी आणि माजघर मांडते आहे. हिला इथपर्यंत. याच्यापुढे नाही. हिचं वेगळं, आपलं वेगळं. तिच्या वाडीचं नाव आता बदललं आहे. २०२० च्या डिसेंबरात सरकारने जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, त्यानंतर फाट्यावरची पाटी नवी झाली. गावाच्या बोलण्यात अजून जुनंच नाव येतं, आईच्याही येतं. कौलं परतणारे ते गडीही त्याच वाडीचे. ते तिचे कोणी लागत असतील किंवा नसतील, मी विचारलं नाही.

आणि म्हणून मी वेगळं खातं केलंच नाही. माझ्या व्यवसायाला न शोभणारं काम मी त्या सकाळी समजून उमजून केलं. ब्राउझरमधून बँकेचा पासवर्ड काढला, बाबांची मेल बंद केली, आधारचे स्कॅन एका पेनड्राइव्हवर घेऊन आईच्या कपाटात ठेवले, आणि नेटप्लविझ उघडून ती खूण काढली. आईच्याच खात्यात, सगळ्या घरात, एकदम प्रवेश. झोपेतून जागं झाल्यावरही विचारू नये म्हणून दुसऱ्या ठिकाणची एक खूण बदलली, कारण ते वेगळं असतं. मग भिंतीवरचं बटण बंद करून परत लावलं. घुरघुर, विंडोजचं चिन्ह, क्षणभर आईचं नाव, आणि सरळ डेस्कटॉपवरचं आमच्या अंगणाचं चित्र. कोणी काही विचारलं नाही. मला खरोखर हलकं वाटलं. दाराची आगळ काढून कोपऱ्यात उभी केल्यासारखं.

त्या दिवशी ती आली नाही, पाऊस फार होता. रात्री दीडच्या सुमाराला लाईट गेली आणि केव्हातरी परत आली. मला जाग आली ती पंखा सुरू झाला म्हणून. भिंतीवरचं बटण बंद करायचं आम्ही विसरलो होतो. पडवीतून घुरघुर आली, आणि माजघराच्या उंबऱ्यावर निळसर उजेड पडला. मी उठून दारात उभी राहिले. पडवीत कोणी नव्हतं. बाहेर काळोख, पागोळ्या, बेडकांचा आवाज, आणि कोपऱ्यात तो पडदा लख्ख उघडलेला, बाणाची खूण मधोमध स्थिर. आत बाबांच्या नावाचा फोल्डर. ज्याच्यासाठी उघडायचं ते माणूस नसताना ते घर उघडून बसलं होतं. मला भीती वाटली नाही. पण सकाळचा हलकेपणा त्या उजेडात टिकला नाही, आणि का टिकला नाही ते समजेना. मी बटण बंद केलं आणि अंधारात चाचपडत परत आले.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मी मुद्दाम पडवीतच थांबले होते. तिने बटण लावलं, वही काढली, यंत्र सुरू व्हायची वाट बघितली, आणि चौकट येण्याऐवजी एकदम चित्र आलं तेव्हा दचकून माझ्याकडे बघितलं, आपल्या हातून काही बिघडलं की काय अशा नजरेने. मी म्हटलं, “आता पासवर्ड नाही विचारणार. आलीस की बसायचं. आजींना उठवायला नको.” ती हसली. “बरं झालं, ताई,” म्हणाली. मग टाइप करू लागली. तिची बोटं चांगली आहेत, अनामिका अजून अडखळते. अर्धा तास गेला असेल. मी वर्तमानपत्र वाचायचं सोंग करत होते. ती थांबली, आणि पडद्याकडेच बघत म्हणाली, “ताई, मग आता हे कोणीपण उघडू शकतं ना?”

मी म्हटलं, “हो. पण बँकेचं वगैरे काढून ठेवलंय मी.”

“तसं नाही. माझ्या फाइली आहेत ह्याच्यात.”

तिच्या फाइली. डेस्कटॉपच्या खालच्या कोपऱ्यात एक फोल्डर होता, त्याला नुसतं ‘टाय’ असं नाव होतं. मी तो दोनदा पाहिला होता आणि उघडला नव्हता, कारण त्यात उतारे असतील असं मी धरून चालले होते. त्यात उतारे होतेच. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन केलेला तिच्या जातीचा दाखला होता, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला होता. आणि, तिने हे खाली बघत सांगितलं, सराव म्हणून ती रोज स्वतःच्या मनाने काहीबाही टाइप करते, तेही होतं. “उतारे पाठ झाले ना की बोटं आपोआप जातात. मग मी दुसरं लिहिते. घरातलं, असंच.” आजवर तिथे पासवर्ड होता तेव्हा तिला वाटत होतं की ते आजींशिवाय कोणाला उघडता येणार नाही, आणि आजी काही फोल्डर उघडत नाहीत. आता परवा आमच्याकडे पूजेला माणसं येणार, चुलतभावाची मुलं येणार, पडवीत बसणार. “त्यांनी वाचलं तर...” एवढं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं.

मी तीन दिवस दारांचा विचार करत होते. कोणाला कुठवर येऊ द्यायचं, कोणाला मागायला लागू नये, कोणाची मान वळू नये. त्या सगळ्या विचारात आत येणारी ती होती आणि दार आमचं होतं. तिलाही लावून घ्यायचं काही असेल, हे माझ्या मनात एकदासुद्धा आलं नव्हतं. कोनाड्यातल्या कपाची लाज मला इतकी पुरून उरली होती की मी सगळी दारं काढून मोकळी झाले, आणि त्यात तिचंही एक दार गेलं.

“तुला वेगळं खातं करून देऊ? तुझ्या नावाचं?” मी विचारलं. “त्याचा पासवर्ड तुझा. आजींनासुद्धा माहीत नसेल.” तिने मान वर केली. “होतं तसं?”

होतं. सेटिंग्जमध्ये गेलं की पाचव्या मिनिटाला होतं. नाव लिहिताना मी तिला जागा दिली, कारण ते फोल्डरचं बाबांच्या बाबतीत अनुभवलं होतं; पहिल्यांदा जे लिहाल ते आत कायमचं राहतं. तिने आधी नुसतं नाव लिहिलं, मग खोडून आईचं नाव जोडून लिहिलं, मग थोडं थांबून पुन्हा नुसतं नाव. विंडोज पासवर्डाबरोबर तीन प्रश्नांची उत्तरंही मागतं, विसरलात तर उपयोगी पडावीत म्हणून. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव. तुमचे आईवडील कोणत्या शहरात भेटले. हा शेवटचा प्रश्न तिने दोनदा वाचला. “हे तर त्यांनाच विचारायला लागेल,” म्हणाली, आणि तिने दुसरा प्रश्न निवडला. आपोआप उघडायची खूण मी परत लावून टाकली. यापुढे यंत्र सुरू झालं की पडद्याच्या कोपऱ्यात दोन नावं येतील, आईचं आणि तिचं, एकाखाली एक.

आई तेवढ्यात बाहेर आली. आज हात कोरडे होते, पदराला पुसत होती. तिला वाटलं पासवर्ड विचारला असेल. “काय गो, अडलं?” मुलगी म्हणाली, “नाही आजी. माझाच आहे आता.” आईने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. ती काही बोलली नाही, पण आतही गेली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

पासवर्डची चौकट आली. मुलीने बोटं कीबोर्डावर ठेवली आणि तशीच थांबली. मला कळायला एक क्षण लागला की ती कशासाठी थांबली आहे. मी खुर्ची मागे सरकवली आणि मान भिंतीकडे वळवली. खांबापाशी आईच्या बांगड्या वाजल्या, तीही वळली असावी. समोर कोनाडा होता. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, वायरीवर धूळ होती, आणि खालच्या दगडावर एक गोल डाग, बशी नसलेला ओला कप वर्षानुवर्षं उपडा ठेवला की पडतो तसा. मी तो आजवर बघितला नव्हता. मागे अक्षरं पडत होती, सावकाश, एकेक, अनामिका एकदा अडखळली. मी ती मोजली नाहीत.